ठराव कागदावर, पाणी तळ्यात!
चवदार तळ्याच्या दहा वर्षांच्या लढ्याचा हिशेब

मार्च महिन्याची १९ तारीख आली की आमच्या नवी मुंबईतल्या वस्त्यांमधून महाडच्या गाड्या सुटू लागतात. कुणी एस.टी.ने निघतो, कुणी चार बिऱ्हाडे मिळून वर्गणी काढून टेम्पो ठरवतो. सोबत भाकरी, सुकी भाजी, लसणाची चटणी, पाण्याच्या बाटल्या. पुढे निळा झेंडा आणि आत भीमगीते. पनवेल सुटले, पेण गेले, वडखळ गेले की लहान मुले पेंगू लागतात आणि मोठी माणसे गप्पांना बसतात.

अशाच एका प्रवासात माझ्या मुलीने मला अडवले. ती तेव्हा दहावीत होती. आदल्या रविवारी विहारात झालेले भाषण तिने मन लावून ऐकले होते. ती म्हणाली, "पप्पा, महाडच्या नगरपालिकेने तळे आधीच सर्वांना खुले केले होते ना? तसा ठरावही झाला होता ना? मग सत्याग्रह कशाला करावा लागला? जे उघडेच होते ते उघडायला एवढी माणसे कशाला गेली?"

वाचक बंधू-भगिनींनो, मी वीस-बावीस वेळा महाडला गेलेला माणूस. सभांमधून बोलतो, जयंतीच्या कमिटीत काम करतो. पण खरे सांगतो, मला नीट उत्तर देता आले नाही. "अगं, लोक ऐकत नव्हते," एवढेच बोललो आणि तिला झोप म्हणालो. ती झोपली, पण माझी झोप उडाली. घरी आल्यावर शासनाने प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या ग्रंथमालेतली महाडच्या खटल्याची कागदपत्रे काढून वाचायला बसलो. माझी नोकरी कारकुनाची, त्यामुळे कागद वाचायची सवय. तारखा एका वहीत ओळीने मांडल्या तेव्हा पोरीच्या प्रश्नाचे उत्तर सापडले. ते सर्वांच्या घरी पोहोचावे म्हणून हा लेख.

ठराव झाला, पुढे काय?

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी एक ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. सरकारी किंवा सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालवले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, कोर्टे, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना वापरता आले पाहिजेत, असा तो ठराव. सप्टेंबर महिन्यात सरकारने खातेप्रमुखांना त्याप्रमाणे हुकूम पाठवले. महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये स्वतःचा ठराव केला आणि चवदार तळे अस्पृश्यांना खुले असल्याचे जाहीर केले.

म्हणजे कागद पुरा झाला. कौन्सिलचा ठराव झाला, सरकारचा हुकूम झाला, नगरपालिकेचाही ठराव झाला. पण जानेवारी १९२४ पासून मार्च १९२७ पर्यंत, तीन वर्षांहून अधिक काळ, त्या तळ्यावर एकाही अस्पृश्याला घागर भरता आली नाही. बाजाराला आलेला आमचा माणूस तहानेने कासावीस झाला तरी तळ्याला वळसा घालून जात होता. ठरावाने तळ्याचे दार उघडले, पण त्या दाराकडे जाणारी वाट गावाच्या धाकाने बंद होती.

स्वतः बोले यांच्याही हे लक्षात आले. १९२६ साली त्यांनी कौन्सिलात पुन्हा ठराव आणला. ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे पहिला ठराव अमलात आणणार नाहीत त्यांचे अनुदान सरकारने रोखावे, असे त्यात म्हटले होते. ज्याने ठराव केला त्यालाच तो पाळला जावा म्हणून दुसरा ठराव करावा लागला, यावरून काय ते समजा.

२० मार्चचा दिवस

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. आजचा रायगड तो तेव्हाचा कुलाबा. रामचंद्र बाबाजी मोरे आणि त्यांच्या साथीदारांनी गावोगाव फिरून माणसे जमवली. अनंतराव चित्रे, नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ उर्फ सुरबानाना टिपणीस, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे ही स्पृश्य समाजातली मंडळीही सोबत होती. परिषदेच्या मांडवात पिण्याचे पाणी हवे म्हणून ते विकत घ्यावे लागले आणि त्यावर ४० रुपये खर्च झाले. मी कॉमर्सचा विद्यार्थी, म्हणून हा आकडा माझ्या मनातून जात नाही. समोर गावाचे तळे भरलेले, ते खुले असल्याचा ठराव नगरपालिकेच्या दप्तरात, आणि आमच्या माणसांनी पाणी विकत घ्यायचे!

पहिल्या दिवशी बाबासाहेबांनी लोकांना मेलेल्या जनावराचे मांस खाऊ नका, शिळ्यापाक्यासाठी हात पसरू नका, मुलांना शिकवा, शेती करा असे सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी परिषद संपत आली तेव्हा अनंतराव चित्रे उभे राहिले. एक महत्त्वाचे काम राहिले आहे, ते केल्याशिवाय परिषद संपवू नये, असे त्यांनी सुचवले. हजारो माणसे रांगेने बाजारातून निघाली आणि तळ्यावर आली. बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले. त्यांच्यामागून बाकीच्यांनी घेतले. कुठे आरडाओरड नाही, दंगा नाही. पाणी पिऊन माणसे मांडवाकडे परतली.

दोन तासांच्या आत गावात आवई उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. लाठ्याकाठ्या घेऊन टोळ्या निघाल्या. कुणी मांडवात जेवत होते, कुणी गावाला जायला गाठोडे बांधत होते, त्यांना मारले. अन्न मातीत मिसळले. रस्त्यात एकटेदुकटे सापडले त्यांना झोडपले. काहींना मुसलमान कुटुंबांनी आपल्या घरात आसरा दिला. आमच्या माणसांत पलटणीतले पेन्शनर होते, हात उचलायला ते समर्थ होते, पण बाबासाहेबांनी त्यांना आवरले. त्यांच्या एका शब्दावर ते थांबले. पुढे फौजदारी खटला होऊन हल्ला करणाऱ्यांपैकी पाच जणांना सक्तमजुरीची शिक्षा झाली.

मग तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली. १०८ घागरी पाणी काढून त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही, तूप मिसळले, मंत्र म्हटले आणि ते पाणी परत तळ्यात ओतले. माणसाच्या ओंजळीने बाटलेले पाणी शेणाने शुद्ध झाले!

वहिवाट म्हणजे काय?

इथपर्यंतची गोष्ट आपल्या घराघरात ठाऊक आहे. पुढची फारशी सांगितली जात नाही आणि माझ्या मुलीच्या प्रश्नाचे खरे उत्तर तिथेच आहे.

४ ऑगस्ट १९२७ रोजी महाडच्या नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. तारीख नीट पाहा. बोल्यांचा ठराव ज्या दिवशी मंजूर झाला त्याला बरोबर चार वर्षे झाली होती. तीन वर्षे हा ठराव दप्तरात पडून होता, तेव्हा तो कुणाला खुपला नाही. लोक त्या ठरावावर पाय ठेवून चालत तळ्यापर्यंत गेले तेव्हा मात्र तो खुपला. वापरात नसलेला हक्क कुणालाच अडचणीचा वाटत नाही.

बाबासाहेबांनी डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करण्याचे जाहीर केले. त्यावर १२ डिसेंबर १९२७ रोजी नरहरी दामोदर वैद्य आणि इतरांनी महाडच्या दिवाणी कोर्टात दावा दाखल केला. वादी ते आणि प्रतिवादी डॉ. भीमराव रामजी आंबेडकर व त्यांचे सहकारी. दाव्यात म्हणणे असे की तळे सवर्णांचे आहे, अस्पृश्यांनी त्याला न शिवण्याची वहिवाट फार पुरातन काळापासून चालत आली आहे, तेव्हा कोर्टाने त्यांना मनाई करावी. १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम निघाला. परिषद २५ तारखेला होती. म्हणजे अवघे अकरा दिवस आधी कोर्टाचा कागद आडवा आला.

परिषद तरीही झाली. मांडवाला जागा देईना कोणी, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. बाबासाहेब मुंबईहून 'पद्मावती' बोटीने दासगावला उतरले आणि तिथून लोकांसह पायी महाडला आले. २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. दहनाचा ठराव सहस्रबुद्धे यांनी मांडला होता. जन्माने ब्राह्मण असलेल्या माणसाने तो मांडला, हे आपण विसरू नये. लढा माणसाशी नव्हता, वहिवाटीशी होता.

सत्याग्रहासाठी हजारोंनी नावे नोंदवली होती. तुरुंगात जायची त्यांची तयारी होती. पण बाबासाहेबांनी विचार केला की आपले भांडण सवर्णांच्या हट्टाशी आहे, कोर्टाशी नाही. कोर्टाचा हुकूम मोडून सरकारला अंगावर घेण्यापेक्षा कोर्टातच हा दावा खोटा पाडू. २७ तारखेला लोकांनी मिरवणुकीने तळ्याला फेरी घातली आणि पाण्याला हात न लावता परत आले. पाणी प्यायला धैर्य लागले होते. तहान असताना आणि मार खाऊन झालेला असताना, केवळ नेत्याच्या शब्दावर पाण्याकाठून परत फिरायला केवढे धैर्य लागले असेल!

त्याच परिषदेच्या शेवटी बाबासाहेब स्त्रियांशी बोलले. अंगावरच्या कपड्यांवरून, लुगडे नेसण्याच्या पद्धतीवरून, गळ्या-हातातल्या दागिन्यांवरून तुमची जात ओळखू येते, तेव्हा ती पद्धत सोडा, स्वच्छ राहा, मुलींनाही शिकवा, असे त्यांनी सांगितले. बायांनी लगोलग पायघोळ लुगडी नेसायला सुरुवात केली. हीसुद्धा एक वहिवाट होती. ती आपल्याच घरात होती आणि ती मोडायला कोर्टाची गरज लागली नाही.

दहा वर्षांना तीन दिवस कमी

आता माझ्या वहीतल्या तारखा पाहा. २३ फेब्रुवारी १९२८ रोजी मनाई हुकूम उठला, पण दावा चालूच राहिला. ८ जून १९३१ रोजी महाडच्या कोर्टाने दावा फेटाळला. वाद्यांनी ठाण्याला अपील केले. ३० जानेवारी १९३३ रोजी तेही फेटाळले गेले. वादी मुंबईच्या हायकोर्टात गेले. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी शेवटचा निकाल दिला आणि अपील काढून टाकले. हे ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ साली अहमदाबादला गांधीजींना शिक्षा सुनावणारे न्यायाधीश.

२० मार्च १९२७ ते १७ मार्च १९३७. दहा वर्षांना तीन दिवस कमी.

निकाल साध्या शब्दांत सांगतो. तळे चार-पाच एकरांचे, भोवती नगरपालिकेचे रस्ते, रस्त्यांपलीकडे घरे. तळे कुणा खाजगी माणसांचे नाही, ते नगरपालिकेकडे आहे. मुसलमान त्याचे पाणी वापरत होतेच. राहिला प्रश्न वहिवाटीचा. कायद्याला मान्य व्हायची तर वहिवाट कुणाच्या आठवणीपलीकडची, अनादी काळची असली पाहिजे. तळ्याभोवती सवर्णांची घरे झाली त्याआधीही कुणी अस्पृश्यांना तिथून हाकलून देत होते याला पुरावा काय? तो वाद्यांना देता आला नाही. शेकडो वर्षांचा रिवाज म्हणून ज्याचा धाक घातला जात होता तो पुराव्याच्या तराजूत घातल्यावर हलका निघाला.

या दहा वर्षांत बाबासाहेबांनी काय काय केले ते आठवा. 'बहिष्कृत भारत' चालवले, नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह उभा केला, गोलमेज परिषदांना गेले, पुणे करार झाला, येवल्याची घोषणा केली, स्वतंत्र मजूर पक्ष काढून निवडणूक जिंकली. आणि या सगळ्यात महाडची फाईलही सोडली नाही. बॅरिस्टर माणूस, पण स्वतःच्या लोकांच्या एका ओंजळ पाण्यासाठी नऊ वर्षांहून अधिक काळ प्रतिवादी म्हणून उभा राहिला.

सातासमुद्रापार अशीच एक वाट

हा प्रश्न फक्त आपल्या देशाचा नव्हता, हे बाबासाहेबांना तरुणपणापासून माहीत होते. १९१३ ते १९१६ ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकले, ते तिथल्या काळ्या लोकांच्या हार्लेम वस्तीपासून जवळच. पुढे १९४६ साली त्यांनी काळ्यांचे विद्वान पुढारी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले. अस्पृश्यांच्या आणि अमेरिकेतल्या निग्रोंच्या स्थितीत फार साम्य आहे असे त्यात म्हणून, निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे दिलेल्या अर्जाच्या प्रती त्यांनी मागवल्या. डुबॉइस यांनी सहानुभूतीचे उत्तर पाठवले. १९७२ साली मुंबईत आपल्या तरुणांनी 'दलित पँथर' हे नाव घेतले तेही तिथल्या 'ब्लॅक पँथर' वरून.

त्या देशाच्या दक्षिणेला अलाबामा नावाचे राज्य आहे. तिथे पाणी पिण्याचे नळसुद्धा दोन असत, एकावर गोऱ्यांसाठी आणि दुसऱ्यावर काळ्यांसाठी अशी पाटी. माँटगोमेरी शहराच्या बसमध्ये पुढची जागा गोऱ्यांची. काळ्या बाईने पुढच्या दाराने चढून पैसे द्यायचे, खाली उतरायचे आणि मागच्या दाराने पुन्हा चढायचे. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईने गोऱ्या माणसासाठी जागा सोडायला नकार दिला आणि तिला अटक झाली. त्या एकट्या नव्हत्या. त्याच वर्षी मार्चमध्ये क्लॉडेट कॉल्व्हिन या पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलीनेही असेच केले होते. माझ्या मुलीच्याच वयाची पोर!

जो ॲन रॉबिन्सन या शिक्षिकेने रातोरात हजारो पत्रके छापली. ५ डिसेंबरपासून काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकला. पुढारी होते सव्वीस वर्षांचे पाद्री मार्टिन ल्यूथर किंग. पण चालत होते कोण? गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक आणि धुणीभांडी करणाऱ्या बायका, हमाल, मजूर. ३८१ दिवस ही माणसे कामावर पायी गेली किंवा एकमेकांच्या मोटारीत दाटीवाटीने बसून गेली. किंग यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला, तरी लोकांनी हात उचलला नाही. त्याच वेळी चार स्त्रियांच्या नावाने कोर्टात दावा चालू होता आणि त्या चौघींत क्लॉडेटही होती. १३ नोव्हेंबर १९५६ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बसमधला भेदभाव बेकायदा ठरवला. हुकूम हाती पडायला २० डिसेंबर उजाडला. २१ डिसेंबरला माणसे बसमध्ये हवी तिथे बसली.

या तारखा आपल्या तारखांशेजारी ठेवा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षाभूमीवर आपले आईवडील, आजी-आजोबा बाबासाहेबांच्या मागून बुद्धाला शरण गेले, त्या दिवसांत माँटगोमेरीच्या त्या बायका पायी कामावर जात होत्या. ६ डिसेंबरला आपल्या घरात चूल पेटली नाही, त्या दिवशीही त्या पायीच होत्या. ते आपल्याला ओळखत नव्हते, आपण त्यांना ओळखत नव्हतो. पण दोघेही एकाच दिशेने चालत होते.

दोन लढ्यांतला फरक

साम्य आहे तसा फरकही आहे आणि तो समजून घेतला पाहिजे. अलाबामात खुद्द कायदाच माणसांना वेगळे बसवत होता. म्हणून तिथे काळे लोक वादी झाले आणि कायदा रद्द करा म्हणून कोर्टात गेले. महाडात कागद आपल्या बाजूने होता, ठराव आपल्या बाजूने होता, अडवत होती ती वहिवाट. म्हणून इथे अडवणारेच वादी झाले आणि पाणी पिणारा प्रतिवादी झाला. तिथे वाईट कायदा मोडायचा होता, इथे चांगला कागद खरा करायचा होता.

पण कायदा गेल्यावर काय झाले? अलाबामातही वहिवाट उरलीच. माँटगोमेरीत काळ्यांना बागेत येऊ द्यायची वेळ आली तेव्हा शहराने १९५९ साली सगळ्या सार्वजनिक बागाच बंद केल्या आणि पोहण्याचा तलाव बुजवून टाकला. आपल्या महाडकरांनी तळे निदान बुजवले नाही, शेण-गोमूत्रावर भागवले! १९६३ साली बर्मिंगहॅम शहरात हक्क मागायला निघालेल्या शाळकरी मुलांवर आगीच्या बंबाचे पाणी सोडले, कुत्रे सोडले. महाडात पाणी नाकारून मारले, तिथे पाणी मारून नाकारले. त्यानंतर १९६४ साली नागरी हक्कांचा आणि १९६५ साली मतदानाच्या हक्काचा कायदा झाला. बस उघडली म्हणून लढा संपला नाही आणि तळे उघडले म्हणूनही संपला नाही.

आपल्या दारापर्यंत

आपली राज्यघटना काढून पंधरावे कलम वाचा. त्याच्या दुसऱ्या पोटकलमात विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते यांचा वापर करताना कुणालाही जातीवरून अडवता येणार नाही असे म्हटले आहे. कलम वाचताना मला १९२३ चा ठराव आठवतो आणि चवदार तळे दिसते. कौन्सिलातला तो ठराव लोक चालत गेले म्हणून जिवंत झाला आणि २६ जानेवारी १९५० पासून साऱ्या देशाचा कायदा झाला. १९५५ साली अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा आला, १९८९ साली ॲट्रॉसिटीचा कायदा आला.

तरी माझी आई सांगायची, ती लग्न होऊन गावी गेली तेव्हा विहिरीच्या कठड्यापासून लांब हंडा ठेवून बसावे लागे. कुणाला दया आली की वरून पाणी ओतायचे. हायकोर्टाचा निकाल होऊन गेला होता, घटना होऊन गेली होती. विहिरीपर्यंत मात्र त्यातले काही पोहोचले नव्हते. आईच्या पिढीतल्या काही बायांनी मिळून एक दिवस स्वतःच पोहरा सोडला तेव्हा ते पोहोचले.

आणि आपण शहरात आलो म्हणून सुटलो असे समजू नका. मी भाड्याची जागा शोधत होतो तेव्हा एका घरमालकाने आधी नोकरी विचारली, मग गाव विचारले, मग आडनाव विचारले. आडनाव ऐकल्यावर जागा "कालच दुसऱ्याला दिली" म्हणाला. पुढचा महिनाभर त्या खिडकीवर "भाड्याने देणे आहे" ही पाटी तशीच होती. मी काहीच केले नाही, गप्प बसलो. आज त्याची खंत वाटते. निदान एक अर्ज तरी लिहायला हवा होता.

म्हणून एक कारकून म्हणून माझे सांगणे आहे. गावाकडे पाणवठ्यावर, स्मशानात, शाळेच्या जेवणाच्या पंगतीत कुणी अडवले तर ते घरी येऊन फक्त शेजाऱ्यांना सांगू नका. तारीख, वेळ, जागा लिहून ठेवा. साक्षीदारांची नावे लिहा. अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच न घेतलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज. पुढची तारीख आली की जा. कंटाळू नका, दहा वर्षांची सवय आपल्या बापाने आपल्याला लावून ठेवली आहे. आणि एकटे जाऊ नका, चारजण मिळून जा. महाडला कुणी एकटा गेला नव्हता.

२०२७ हे महाडच्या सत्याग्रहाचे शताब्दीचे वर्ष. त्या निमित्ताने कमानी, पताका, स्टेज सगळे होईल आणि व्हायलाच हवे. पण त्या दिवशी प्रत्येक घरात मुलांना २० मार्चबरोबर १७ मार्चचीही गोष्ट सांगितली जावी. एक पाणी प्यायल्याचा दिवस, दुसरा ते पाणी आपलेच असल्याचे कोर्टाने मान्य केल्याचा दिवस.

परतीच्या प्रवासाला मी मुलीला उत्तर देऊ शकलो नव्हतो. ते महिन्याभराने दिले. एके सकाळी स्वयंपाकघरात ती नळाखाली कळशी भरत होती. नवी मुंबईच्या बऱ्याच भागाला मोरबे धरणाचे पाणी येते. ते धरण खालापूर तालुक्यात आहे, म्हणजे रायगड जिल्ह्यात, महाडच्याच जिल्ह्यात. मी तिला ते सांगितले आणि म्हणालो, "तू विचारले होतेस ना, उघडे तळे उघडायला माणसे कशाला गेली? ठरावाने हक्क लिहिला जातो. तो आपला होण्यासाठी कुणीतरी चालत जावे लागते आणि तो टिकवण्यासाठी कुणीतरी फाईल सांभाळावी लागते."

तिने कळशी उचलली, ओट्यावर ठेवली आणि विचारले, "पप्पा, तुमची ती तारखांची वही मला द्याल? शाळेत भाषण आहे."

मी वही दिली. तिने ती अजून परत केलेली नाही, आणि मीही मागितलेली नाही.

जय भीम!